मापकाठीवरच्या तीन खुणा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाच्या राजाचं नाव सांगणारं आज कुणी उरलेलं नाही. त्याच्या राज्यात एक पूल सारखा पडायचा, एवढं मात्र लोकांच्या लक्षात राहिलं. लोक असेच असतात, बाळांनो. राजांना विसरतात, पडझडीला विसरत नाहीत.

नदीच्या अलीकडे गाव होतं, पलीकडे बाजारपेठ. गावामागे डोंगर. नदीवर पूल बांधायचा मान पिढ्यान् पिढ्या एकाच घराण्याकडे होता आणि त्या घराण्याचा आताचा कर्ता होता धोंडोजी गवंडी. हाताचा पक्का, जिभेचा तिखट. घरचं जातं बोथट झालं की छिन्नीनं टाकीसुद्धा तो स्वतःच लावायचा. दुसऱ्याच्या हातावर विश्वास नाही!

त्याच्या घरी शिसवी लाकडाची एक लांब मापकाठी होती. तिच्यावर तीन खुणा कोरलेल्या होत्या. पहिली आजोबांच्या पुलाची: खांबाची जाडी तीन हात. तो पूल तीस वर्षं टिकला. दुसरी वडिलांची: चार हात. तो वीस वर्षं टिकला. तिसरी धोंडोजीची स्वतःची: पाच हात. पूल पडला की पुढचा खांब एक हात जाड करायचा, अशी घराण्याची रीतच होती. दुसरीही एक रीत होती. पडलेल्या पुलाचा दगड अपशकुनी, तो नव्या पुलाला लावायचा नाही.

धोंडोजीचा पाच हाती पूल नऊ वर्षं टिकला.

तो पडला तेव्हा बाजाराहून येणारी अकरा माणसं पुरात गेली. त्यांत धोंडोजीचे व्याही होते. त्याची एकुलती एक लेक हौसा पलीकडच्या तीरावर दिलेली. तिचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ठरलं होतं, ते सासरीच झालं. नातू वर्षाचा झाला तरी धोंडोजीनं त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. उन्हाळ्यात होडी चालायची, पण पलीकडून कुणी बोलावलं नाही आणि आपणहून जायचं धोंडोजीला धाडस झालं नाही. कोणत्या तोंडानं जाणार?

अशात राजाचा हुकूम आला: नवा पूल बांधा.

धोंडोजीनं काठी खांद्यावर टाकली आणि तो चुन्याच्या भट्टीवर गेला. भट्टी होती ठकूआक्काची. ठकूआक्का सत्तरीची, केस चुन्याहून पांढरे, आणि गावात धोंडोजीला तोंडावर उत्तर देणारी ती एकटीच.

"आक्का, या खेपेला सहा हाती खांब. चुना गेल्या वेळेच्या दुप्पट लागंल," धोंडोजी म्हणाला.

"चुना भाजू कशावर? तुझ्या मिशांवर?" ठकूआक्का म्हणाली. "लाकूड कुठाय? तुझ्या आज्याच्या पुलाला माझ्या आजेसासूनं भट्टीमागच्या झाडीतलं सरपण वापरलं. तुझ्या बापाच्या पुलाला अर्धा डोंगर गेला. तुझ्या पुलाला उरलेला गेला. वर बघ की जरा."

धोंडोजीनं वर पाहिलं. डोंगर भादरलेल्या डोक्यासारखा बोडका होता. रोज डोळ्यांसमोर असलेला डोंगर त्यानं कितीतरी वर्षांत पाहिलाच नव्हता.

"मग तीन दिवसांच्या वाटेवरनं गाड्या आणू," तो चिडून म्हणाला.

"आण. पण त्याआधी तुझ्या त्या काठीनं माझा ओटा मोजून दे. औंदा पुन्हा वाढवायचाय."

आता हा ओटा कसला, ते ऐका. भाजलेल्या चुन्याला पाणी लागलं की तो उकळतो, फुटतो, आग लावतो. म्हणून भट्टीवाले चुना उंच ओट्यावर ठेवतात, पुराचं पाणी पोचणार नाही असा. ठकूआक्काच्या ओट्यावर बांधकामाचे तीन थर स्पष्ट दिसत होते. जुन्या ओट्यावर नवा, त्यावर आणखी नवा.

धोंडोजीनं काठी लावली. "हा खालचा थर कधीचा?"

"तुझ्या आज्याचा पूल झाल्यावर दोन-चार सालांतला. पाणी चढाय लागलं, म्हणून घातला."

"आणि हा मधला?"

"तुझ्या बापाचा पूल झाल्यावर."

तिसऱ्या थराचं धोंडोजीनं विचारलं नाही. तो थर सगळ्यांत उंच होता.

ठकूआक्का पदरानं हात पुसत म्हणाली, "तुम्ही खांब वाढवता, आम्ही ओटा वाढवतो. नदीला शिव्या दोघं देतो. पण धोंडोजी, नदीला दरवेळी जास्तीचं पाणी कोण देतं, ते कधी बघितलं का रं?"

धोंडोजी काठी टेकवून खाली बसला. त्याला उत्तर कळलं होतं, आणि ते कळलं नसतं तर बरं झालं असतं असंही वाटलं. खांब जाड, म्हणून चुना जास्त. चुना जास्त, म्हणून सरपण जास्त. डोंगरावर झाड राहिलं नाही, तेव्हा पावसाला अडवणारंही कुणी राहिलं नाही. सगळं पाणी माती घेऊन एकदम खाली यायचं. आणि खाली उभे असायचे जाडजूड खांब, नदीची वाट अरुंद करून. पाणी तुंबायचं, फुगायचं आणि पूल घेऊन जायचं. पूल जितका मजबूत केला, तितका त्याला पाडणारा पूर मोठा केला. तीन पिढ्या हेच करत आल्या होत्या, आणि अकरा माणसं त्यात गेली होती.

तो दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी तो दरबारात उभा राहिला.

"बोला धोंडोजी," राजा म्हणाला, "खांब किती जाड करणार? सहा हात की सात?"

"दोन हात, महाराज."

दरबार हसला. राजा मात्र हसला नाही. "थट्टा करता?"

"थट्टा नाही, महाराज. आजवरचे पूल नदीनं पाडले असं आम्ही सांगत आलो. ते खोटं आहे. ते आम्ही पाडले." त्यानं सगळं सांगितलं. डोंगर, भट्टी, ओटा, काठी, काही राखून ठेवलं नाही. शेवटी म्हणाला, "अकरा जीव माझ्या घराण्याच्या रितीनं गेले. त्यांत माझे व्याही होते. शिक्षा द्याल ती घेईन. पण पूल पुन्हा त्याच रितीनं बांधायला लावू नका."

राजानं काठी मागून घेतली आणि तिच्यावरच्या तिन्ही खुणा पाहिल्या. मग म्हणाला, "शिक्षा देऊन नदी ओलांडता येणार नाही. दोन वर्षं देतो. बांधा तुमच्या बुद्धीनं. पण हा पूल पडला, तर ही काठी मी भर चौकात जाळीन आणि तुमच्या घराण्यानं पुन्हा दगडाला हात लावायचा नाही."

"मान्य. पण डोंगरावर कुऱ्हाड चालणार नाही, एवढी दवंडी पिटवा."

दवंडी पिटली गेली. आणि धोंडोजीच्या हालांना सुरुवात झाली, कारण चूक कबूल करणं हे अर्धंच काम असतं. पुढं करायचं काय, ते कुणी सांगत नाही.

कमी चुन्यात पक्कं बांधकाम कसं करायचं? ठकूआक्कानं तिच्या घरामागचं पाण्याचं टाकं दाखवलं. तिच्या सासूनं चुन्यात फुटक्या विटांची पूड घालून ते लिंपलं होतं. चाळीस पावसाळे झाले तरी थेंब गळला नव्हता. धोंडोजीनं विटांची पूड आणि चुना वेगवेगळ्या मापांनी कालवून गोळे केले, सुकवले आणि पाण्याच्या घागरीत टाकले. पहिले सात गोळे विरघळले. गावातली माणसं येता-जाता विचारू लागली, "काय धोंडोजी, आज लाडू कसे झाले?" धोंडोजी दात-ओठ खाई आणि आठवा गोळा वळी. अकरावा गोळा महिनाभर पाण्यात राहिला आणि दगडासारखा झाला.

विटा कुठून आणायच्या? त्या नदीतच पडून होत्या, आजोबांच्या पुलाच्या, वडिलांच्या, त्याच्या स्वतःच्या. दगडही तिथंच होते, घडवलेले, तयार. "अपशकुनी आहेत ते," म्हाताऱ्या गवंड्यांनी बजावलं. "दगडानं काय पाप केलंय?" धोंडोजी म्हणाला. "केलं असंल तर आपण. त्याला पुन्हा संधी द्या." पहिला दगड त्यानं स्वतः खांद्यावरून वर आणला.

थोडा चुना तरी लागणारच होता. त्यासाठी ठकूआक्कानं भट्टीत तुरीच्या तुराट्या, कपाशीच्या पऱ्हाट्या आणि भाताचा तूस घातला, जो कचरा लोक शेताच्या बांधावर उगाच जाळायचे. खांब बारीक, समोरून होडीच्या नाकासारखे टोकदार. दोन कमानींच्या मधे, खांबांच्या वर, आरपार मोऱ्या ठेवल्या. पाणी चढलंच तर त्याला जायला वाट हवी. पूल पाहून लोक म्हणत, "हा पूल आहे की चाळण?"

अखेर तो दिवस आला. कमान बांधताना तिच्याखाली लाकडांचा आधार असतो. काम संपलं की तो काढायचा आणि त्या वेळी गवंड्यानं कमानीखाली उभं राहायचं, ही त्या राज्यातली सगळ्यांत जुनी रीत. ही एक रीत धोंडोजीनं मोडली नाही.

उन्हाळा सरत आला होता, नदी घोट्याइतकी उरली होती. तो मधल्या कमानीखाली जाऊन उभा राहिला. दोन्ही तीरांवर माणसंच माणसं. आधारावर पहिला घाव पडणार, एवढ्यात पलीकडच्या काठानं एक बाई झपाझप चालत आली. कडेवर मूल होतं. ती सरळ कमानीखाली शिरली.

"हौसा!" धोंडोजी ओरडला. "येडी का खुळी तू? पोराला घेऊन माघारी जा आधी!"

"नाही जाणार, आबा."

"अगं, दोन हाताचे खांब आहेत. कुणी असं बांधलं नाही कधी."

"तुम्ही दरबारात काय बोललात ते आमच्या तीरावर आलं," हौसा म्हणाली. "तोवर आमच्या घरात सगळे म्हणत होते, नदीनं नेलं मामंजींना. चूक कुणाचीच नाही म्हटल्यावर राग तरी कुणावर धरायचा? तुम्ही एकट्यानं ती कबूल केलीत. सासूबाई म्हणाल्या, जा. त्यांच्या जागी तू आबांशेजारी उभी राहा."

धोंडोजी पुढं झाला. त्यानं नातवाचं डोकं आपल्या छातीशी घेतलं आणि वर मान करून हाक दिली, "काढा रे आधार!"

घाव पडले. लाकडं निसटली. कमान किंचित कुरकुरली, दगड दगडाशी घट्ट बसला आणि पूल उभा राहिला. दोन्ही तीरांवरून आरोळी उठली. नातू मात्र भोकाड पसरून रडत होता, कारण आजोबांच्या हातांना चुना होता आणि तो त्याच्या गालाला चुरचुरत होता.

पण गोष्ट इथं संपत नाही. खरी परीक्षा नदी घेते. त्याच वर्षी मोठा पूर आला. राजा स्वतः घाटावर येऊन उभा राहिला. पाणी खांबांच्या टोकांवर फुटलं, कमानींतून गेलं, चढलं तेव्हा मोऱ्यांतूनही गेलं, आणि तीन दिवसांनी उतरलं. पूल जागच्या जागी होता. पुढच्या वर्षी पूर आला तो कमी. डोंगरावर आधी गवत आलं, मग करवंदीच्या जाळ्या, मग ऐन आणि धावड्याची झाडं. नदीला घाई राहिली नाही.

बारा वर्षांनी ठकूआक्कानं ओट्याचा वरचा थर काढून टाकला. "चढून-चढून गुडघे गेले माझे," ती म्हणाली. ते दगड तिनं धोंडोजीला दिले आणि त्यानं त्यांतून पुलाशेजारी वाटसरूंसाठी बसायचा कट्टा बांधला.

धोंडोजी थकला तेव्हा त्यानं मापकाठी नातवाच्या हातात दिली. नातवानं विचारलं, "आबा, तुमच्या या पुलाची खूण काठीवर कुठं आहे?"

"नाही कोरली," धोंडोजी म्हणाला. "या तीन खुणा आम्ही किती दगड रचले ते सांगतात. किती झाडं तोडली, ते काठीवर कुणी कोरलंच नाही. तू मोजशील तेव्हा दोन्ही मोज."

तो पूल पुढं पिढ्यान् पिढ्या टिकला आणि काठीवर चौथी खूण कधी पडलीच नाही.

तात्पर्य: ज्या डोंगराच्या आधारानं नदी शहाणी राहते, तो डोंगर जाळून बांधलेला पूल कितीही जाड केला तरी टिकत नाही.