न उठणारी म्हैस

एका गावात एक वाचनालय होतं आणि त्या वाचनालयात एक कॉम्प्युटर होता. तो कधी कुणी चालू केला नव्हता. दर दसऱ्याला मात्र त्याची पूजा व्हायची. हळद-कुंकू लागायचं, झेंडूचं फूल वाहिलं जायचं, मग पुन्हा प्लास्टिकचं कव्हर आणि खोलीला कुलूप. पाच वर्षांत कीबोर्डच्या फटींत इतकी हळद साठली होती, की एका नवरीला पुरली असती.

वाचनालयाची एक समिती होती. समितीत पाच जण होते आणि पाचांच्या वयाची बेरीज साडेतीनशेच्या वर जात होती. अध्यक्ष होते विश्वंभर गुरुजी. गुरुजी छत्तीस वर्षं शाळेत "उभा राहा" म्हणाले आणि छत्तीस वर्षं पोरं उभी राहिली. निवृत्त झाले तरी सवय गेली नाही. ते पारावर आले की माणसं उठायची. लग्नात आले की जेवणाऱ्याचा घास अडायचा. गुरुजींना वाटायचं, हा आदर आहे. गावाला ठाऊक होतं, ही कटकट टाळायची रीत आहे. दुसरे होते खजिनदार अप्पा. गुरुजींच्या प्रत्येक वाक्यानंतर "बरोबर आहे" म्हणणं, एवढंच त्यांचं काम. बाकीचे तिघं तेवढंही करत नसत.

त्याच गावात केतकी नावाची मुलगी होती. जिल्ह्याच्या ठिकाणी पॉलिटेक्निकला दोन वर्षं शिकली आणि तिसऱ्या वर्षी घरी परत आली. तिथं कॉम्प्युटर शिकवत, पण फळ्यावर. एकदा तिनं विचारलं, "सर, हे चालवून बघू या का?" सर म्हणाले, "आधी जर्नल पूर्ण कर." तिनं जर्नल पूर्ण केलं नाही. पिशवी भरली आणि एसटीत बसली.

गावात आल्यापासून जो भेटेल तो विचारायचा, "मग, आता पुढं काय?" पाणी भरताना विचारायचा, दळण टाकताना विचारायचा. एकदा मयताला गेली, तर तिथं एकानं तिरडी बांधता बांधता विचारलं. स्वतःच्या आयुष्यात पुढं काय झालं, हे यातल्या एकालाही सांगता आलं नसतं. पण वय वाढलं की माणसाला प्रश्न विचारायचा परवाना मिळतो, अशी आपल्याकडं समजूत आहे.

केतकीच्या घरी चंपी नावाची म्हैस होती. चंपीला एक खोड होती. रानात निघाली की एसटीच्या वळणावर, बरोबर रस्त्याच्या मधोमध बसायची. एका सकाळी ती अशीच बसली. मागं एसटी थांबली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. चंपीनं एक कान हलवला. कंडक्टरनं खाली उतरून हात जोडले. चंपीनं दुसरा कान हलवला. एसटीमागं सरपंचांची जीप आली. जीपमागं वऱ्हाडाचा टेम्पो आला. टेम्पोतले बँडवाले कंटाळून खाली उतरले आणि तिथंच वाजवायला लागले. चंपी रवंथ करत राहिली. अर्ध्या तासानं तिच्या मनात आलं, तेव्हा ती उठली. स्वतःभोवती एक गिरकी घेतली आणि पुन्हा तिथंच, फक्त दुसरीकडं तोंड करून बसली.

बांधावर बसलेली केतकी पोट धरधरून हसली. परत आल्यापासून पहिल्यांदा हसली. एवढ्या माणसांतल्या कुणीही त्या म्हशीला विचारलं नव्हतं, पुढं काय. विचारलं असतं, तरी तिनं कानच हलवला असता.

त्याच दिवशी केतकीनं समितीकडं कॉम्प्युटर मागितला. "गावातल्या पोरांसाठी काहीतरी करते," म्हणाली. त्यावर तीन बैठका झाल्या. पहिल्या बैठकीत, चालू केल्यास कॉम्प्युटर बिघडेल काय, यावर चर्चा झाली. दुसऱ्या बैठकीत, बिघडल्यास जबाबदार कोण, यावर झाली. तिसऱ्या बैठकीत चहा झाला. शेवटी गुरुजींनी वाचनालयाच्या वर्धापनदिनापर्यंत, म्हणजे सहा महिन्यांसाठी, खोलीची किल्ली तिच्या हातावर ठेवली.

केतकीनं जुन्या टूथब्रशनं हळद काढली आणि कामाला बसली. चार महिन्यांत तिनं एक खेळ तयार केला. खेळात रस्ता होता. रस्त्यावर म्हैस बसलेली होती. मागं एसटी, जीप, वऱ्हाड आणि बँड. म्हशीला उठवायचं, एवढाच खेळ. टिचकी मारली की ती कान हलवायची. दोन मारल्या की शेपटी. पेंड दिली की पेंड खायची आणि आणखी ऐसपैस बसायची. कधी तिसऱ्या टिचकीला उठायची, कधी पाव तास ढिम्म. उठली की गिरकी घ्यायची आणि पुन्हा बसायची. मागं नवरदेव घोड्यावरच झोपी जायचा.

पोरं तुटून पडली. शाळा सुटली की दप्तरासकट वाचनालयात. पोरांची आई बोलवायला यायची आणि तीही पाच मिनिटं टेकायची. शाळेत नापास होता येत होतं, घरीदारी नापास होता येत होतं. इथं नापास व्हायची सोयच नव्हती. म्हैस उठली तरी हसू यायचं आणि नाही उठली तर जास्तच यायचं.

वर्धापनदिनाला महिना उरला, तेव्हा गुरुजी तपासणीला आले. मागं अप्पा होतेच.

"हे काय आहे?" गुरुजींनी विचारलं.

"म्हैस आहे, गुरुजी."

"ते दिसतंय मला. करायचं काय?"

"तिला उठवायचं."

"उठल्यावर?"

"परत बसते."

"मग यातून मुलांनी घ्यायचं काय?"

"काही नाही. हसायचं."

"बरोबर आहे," अप्पा म्हणाले. गुरुजींनी वळून पाहिलं, तेव्हा अप्पा म्हणाले, "म्हणजे, बरोबर नाही."

गुरुजींनी तिथंच हुकूम काढला. खेळ उघडताच अध्यक्षांचा फोटो आणि संदेश दिसला पाहिजे. म्हैस उठण्याआधी मुलानं एका प्रश्नाचं उत्तर दिलं पाहिजे. उत्तर बरोबर आलं तर म्हैस उठेल आणि वर एक सुविचार येईल. हे जमलं तर कॉम्प्युटर केतकीकडं. नाही जमलं तर वर्धापनदिनी किल्ली परत आणि कॉम्प्युटर कव्हरात.

केतकी घरी आली, तर बाप बळीराम गोठ्यात होता. त्याच्या कानावर सगळं आधीच गेलं होतं. "गुरुजी म्हणतात तसं कर," तो म्हणाला. "नाहीतर शहरात मामाच्या दुकानात जा. त्याला साड्या दाखवायला माणूस हवाय." म्हणजे दिवसभर साड्या उलगडायच्या आणि दिवसभर घड्या घालायच्या. घरात दुसरा कॉम्प्युटर नव्हता. फोन होता, त्याची काच फुटलेली होती. किल्ली गेली की सगळंच गेलं.

केतकी भ्यायली. खोटं कशाला सांगा, वीस वर्षांची पोर होती, भ्यायली. आठ दिवसांत तिनं सगळं बदललं. आता खेळ उघडला की गुरुजींचा चेहरा यायचा. मग म्हैस विचारायची, "सात त्रिक किती?" एकवीस म्हटलं की ती कवायतीतल्या शिपायासारखी ताडकन उठायची आणि वर यायचं, "आळस हा माणसाचा शत्रू आहे."

तिसरीतली जुई दोन प्रश्न खेळली. मग तिनं माउस ठेवून दिला.

"केतकीताई, ही आता आपल्या शाळेत यायला लागली का?"

"का गं?"

"उगीच विचारलं," जुई म्हणाली आणि लंगडी खेळायला गेली. दुसऱ्या दिवशी कुणीच आलं नाही.

केतकी एकटीच त्या म्हशीकडं बघत बसली. बरोबर उत्तराला म्हैस उठत होती, चुकीच्या उत्तराला बसत होती. केतकीला ते बघवेना. आपण दोन वर्षं दुसरं काय करत होतो, असं तिच्या मनात आलं. तिनं प्रश्न पुसले, सुविचार पुसले, सगळ्यात शेवटी गुरुजींचा फोटो पुसला. म्हैस पुन्हा ढिम्म बसली. केतकीच्या जिवात जीव आला. मग तिला किल्ली आठवली.

वर्धापनदिनाला संध्याकाळी सगळं गाव वाचनालयाच्या अंगणात जमलं. शाळेतून मोठा पडदा आणला होता. तालुक्याहून एक साहेब आले होते. गुरुजींचं भाषण होतं आणि भाषणानंतर भेळ होती. लोक भेळेसाठी आले होते. केतकीचं नाव पुकारलं गेलं, तेव्हा ती पुढं आली आणि तिनं किल्ली गुरुजींच्या समोर टेबलावर ठेवली.

"गुरुजी, तुम्ही सांगितलं तसं मी केलं होतं," ती म्हणाली. "ते वाईट झालं. म्हणून पुसून टाकलं. पहिलीच म्हैस आणलीय. गावानं एकदा बघावी, मग खुशाल कुलूप लावा."

बळीरामनं मान खाली घातली. गुरुजी मात्र हसरा चेहरा करून उठले. समोरचा पडलाच आहे असं वाटलं की मोठी माणसं असा चेहरा करतात.

"लावू की," ते म्हणाले. "पण आधी गावाला कळू दे, सहा महिने या मुलीनं काय दिवे लावले. दोन मिनिटांत ही म्हैस उठवून दाखवतो. म्हणजे यात काही राम नाही, हे सगळ्यांना दिसेल."

"बरोबर आहे," अप्पा म्हणाले.

गुरुजी कॉम्प्युटरसमोर बसले. पडद्यावर म्हैस आली. गुरुजींनी टिचकी मारली. म्हशीनं कान हलवला. दोन मारल्या. म्हशीनं शेपटी हलवली. गुरुजींनी पेंड दिली. म्हशीनं पेंड खाल्ली आणि पाय पसरले. मागं कंडक्टर हात जोडून उभा राहिला. मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं.

"ऊठ," गुरुजी म्हणाले. हे तोंडानं म्हणाले, माउसनं नाही. म्हैस रवंथ करत होती.

"ऊठ म्हणतो ना."

"गुरुजी, शेपटी पिरगाळा," मागून एक जण म्हणाला.

"त्यापेक्षा पेंड लांबून दाखवा. जवळ दिली तर ती कशाला उठंल?"

"तिला आधी पाणी पाजा."

बळीरामला राहवलं नाही. आयुष्य म्हशींत गेलेला माणूस तो. "गुरुजी, ती अशी नाही उठायची," तो म्हणाला. "मागच्या अंगाला थाप मारा. हळू. डाव्या बाजूला."

"बळीराम, खाली बस," गुरुजी म्हणाले.

बळीराम खाली बसला नाही. तो पडद्याजवळ गेला आणि थाप कुठं मारायची ते बोटानं दाखवू लागला. गुरुजींनी तिथं टिचकी मारली. म्हशीनं दोन्ही कान हलवले. "आता येतेय बघा वळणावर," बळीराम म्हणाला. तालुक्याचे साहेब खुर्ची ओढत पुढं आले आणि म्हणाले, "सर, जरा मला बघू द्या की." गुरुजींनी माउस दिला नाही. पोरं टेबलाखालून पुढं सरकली. चहा निवला. भेळ सादळली. भाषणाची वेळ टळून गेली आणि ती कुणालाच आठवली नाही.

अर्ध्या तासानं गुरुजींनी हात झटकले. ते लोकांकडं वळले. "बघितलंत?" ते म्हणाले. "मी म्हणत होतो तेच. यात काहीही अर्थ—"

त्यांच्या पाठीमागं म्हैस उठली.

सावकाश उठली, आधी मागचे पाय, मग पुढचे. गिरकी घेतली. बँड वाजला. घोड्यावरचा नवरदेव दचकून जागा झाला. अंगणात असा हशा उसळला, की पिंपळावरची पाखरं उडाली. गुरुजी गर्रकन वळले. म्हैस दुसरीकडं तोंड करून बसलेली होती.

"काय झालं?"

"उठली होती, गुरुजी," केतकी म्हणाली.

"केव्हा?"

"तुम्ही पाठ फिरवलीत तेव्हा."

गुरुजी म्हशीकडं बघत राहिले. सगळं गाव गुरुजींकडं बघत राहिलं. आता आरडाओरडा होणार, हे नक्की होतं. पण गुरुजींच्या घशातून भलताच आवाज आला. तो आवाज गावानं कधी ऐकला नव्हता. ठसका लागला समजून अप्पा पाण्याचा तांब्या घेऊन धावले. तो ठसका नव्हता. गुरुजी हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते, आणि एकदा सुरू झाल्यावर त्यांना ते थांबवता येत नव्हतं. त्यात त्यांची तरी काय चूक, सवय नव्हती.

मग त्यांनी खुर्ची पुढं ओढली.

"परत लाव," ते म्हणाले.

"गुरुजी, ही किल्ली?" अप्पांनी विचारलं. "कपाटात ठेवू ना?"

"कसली किल्ली? तिची तिला दे. आणि तू बाजूला हो, मला म्हैस दिसत नाही."

अप्पांनी किल्ली केतकीच्या हातावर ठेवली आणि तेही गुडघे धरून पडद्यासमोर बसले.

"पण पोरी, ही उठते कशानं, ते सांगून ठेव," गुरुजी पडद्यावरची नजर न काढता म्हणाले.

"मलाही माहीत नाही, गुरुजी. तिचं तिला."

बळीराम लेकीजवळ आला. म्हणाला, "मामाला फोन करतो. साड्यांना दुसरा माणूस बघ म्हणतो." मग पडद्याकडं बोट करून म्हणाला, "तिचे डोळे मात्र चुकलेत. म्हैस रवंथ करताना डोळे अर्धे मिटते. उद्या नीट कर."

दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालय उघडायच्या आधी दारात रांग होती. सगळ्यांत पुढं गुरुजी होते. जुई त्यांच्याकडं बघून म्हणाली, "गुरुजी, माझा नंबर होता. मी चप्पल ठेवून गेले होते." गुरुजींनी खाली पाहिलं. चप्पल होती. ते मुकाट्यानं मागं सरकले.

या खेळानं गावातली पोरं हुशार झाली, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. झाली नाहीत. सात त्रिक अजून निम्म्यांना येत नाही. म्हैस बसून राहिली आणि गाव हसलं, एवढंच झालं, आणि तेवढं पुष्कळ झालं.

तात्पर्य: हसवणं हेच जिचं काम, त्या गमतीच्या गळ्यात उपदेशाचं लोढणं बांधू नये, आणि जे आपल्या हुकमानं उठत नाही ते बिनकामाचं, असं थोरामोठ्यांनी कधी समजू नये.