राजाचा संगणक आणि गोजराचा चहा

चिंचणगडच्या राजे रणधीररावांना त्यांच्याच संगणकानं दारात अडवलं! सकाळी राजे आपल्या दालनात ऐटीत बैठकीवर बसले, परवलीचा शब्द टाकायला हात उचलला, आणि हात हवेतच राहिला. शब्द आठवेना! सुचेल ते टाकून पाहिलं, तर पडद्यावर उत्तर आलं, ‘पासवर्ड चुकला.’ राजाला तोंडावर चुकलास म्हणणारा साऱ्या राज्यात हा एकटाच.

आता आली का पंचाईत! संध्याकाळी राजांच्या साठीचा सोहळा, शेजारचे राजे पाहुणे येणार, आणि राजांनी स्वतःवरच रचलेलं भलंमोठं काव्य त्या संगणकात अडकलेलं. दरबाऱ्यांनी चेहरे पाडले आणि मनातल्या मनात देवाला नारळ कबूल केला.

"संगणक उघडा!" राजे दरबारात येऊन गरजले. "मोडायचा नाही, आतलं काही पुसायचं नाही. आणि माझा शब्द कुणाला कळता कामा नये. ज्याला कळेल तो हद्दपार!"

संगणकाचा जाणकार चाचरत म्हणाला, "उघडतो महाराज, पण आतलं सगळं पुसलं जाईल."

"मग तूही पुसला जाशील!"

दिवाण विश्वंभरपंत पुढं सरकले. "महाराज, राणीसाहेबांचं नाव घालून पाहिलंत?"

"छे! ते नव्हतंच."

"नव्हतं?" चिकाच्या पडद्याआडून राणीसाहेबांचा आवाज आला. "मग कुणाचं होतं?"

राजांनी घाम पुसला. त्यानंतर अंदाज करायला कुणी धजेना. चुकला तर राजांचा राग, बरोबर निघाला तर हद्दपारी! आगीतून फुफाट्यात कोण जाईल?

इकडे मुदपाकखान्यामागच्या खोलीत गोजरा भांडी बांधत होती. तिचे वडील हैबती राजांचे चहावाले. चहा रोज गार येतो म्हणून राजांनी कालच त्यांना कामावरून काढलं होतं. बिचाऱ्या हैबतींचा काय दोष? वाड्याचा रिवाजच तसा! चहा आधी देवघरात नैवेद्याला, तिथून राजवैद्यांकडे चाखणीला, मग जिन्यावर थोरल्या महाराजांच्या तसबिरीपुढं, आणि शेवटी राजांच्या दालनात. तोवर वाफेनं कधीच रामराम ठोकलेला. आज नव्या चहावाल्यानं रिवाजाला फाटा देऊन दालनाच्या दाराशीच शेगडी मांडली, तेव्हा कुठं राजांना कढत चहा मिळाला.

खोली संध्याकाळपर्यंत रिकामी करायची होती आणि बापलेकीला दुसरा आसरा नव्हता. हैबती गुडघ्यात मान घालून बसले होते. ते पाहून गोजराचं काळीज तुटत होतं. तेवढ्यात राजे संगणकाचा शब्द विसरल्याची खबर मुदपाकखान्यात आली, तशी तिच्या हातातली पातेली थांबली. रोज वडिलांमागून बशी घेऊन ती दालनाच्या दाराशी उभी राहायची. आत काय चालायचं ते तिनं वर्षानुवर्षं ऐकलं होतं. ती गालातल्या गालात हसली आणि थेट दरबारात जाऊन उभी राहिली.

"महाराज, संगणक मी उघडून देते."

"तू? कधी हात तरी लावलायस त्याला?"

"नाही महाराज. आणि आजबी लावायची नाही."

दरबार खो-खो हसला. राजे म्हणाले, "आणि नाही उघडला तर?"

"तर आम्ही बापलेक गड सोडतोच आहोत. उघडला तर बाबांचं काम परत द्या. पर आधी चहा घ्या महाराज, सकाळपासनं लई डोकं शिणवलंत."

राजे दालनात जाऊन संगणकापुढं बसले. दिवाण आणि जाणकार मागं उभे राहिले, बाकीचे दरबारी दाराशी आणि राणीसाहेब दाराच्या पडद्याआड. गोजरानं स्वतः चहा केला. देवघरात नेला, वैद्यांना चाखवला, तसबिरीपुढं धरला. जिना तर ती मुद्दाम रमतगमत चढली. कप राजांपुढं ठेवून ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

राजांनी घोट घेतला आणि त्यांचा पारा चढला!

"हा चहा आहे की म्हशी डुंबलेलं पाणी? कुठं आहे तो हैबती? किती वेळा सांगायचं त्याला? रोज गार! रोज गार!" डाव्या हातानं त्यांनी कप दूर सारला. तोंडाचा पट्टा चालूच होता, आणि उजवा हात आपसूक कळांवर गेला. टक टक टक टक, टक!

संगणक उघडला!

राजे अर्ध्या शिवीवर थांबले. "अरे! हे कसं झालं?"

"महाराज, रोज सकाळी असंच व्हायचं. तोंड बाबांना बोलायचं आणि हात शब्द टाकायचा. आज चहा कढत मिळाला, तोंडाला काम उरलं नाही, मग हात तरी काय करतोय? डोकं विसरलं, हात विसरला नाही. म्हणतात ना, जित्याची खोड..." गोजरानं जीभ चावली.

"पुढं बोल!"

"पुढचं महाराजांसमोर बोलत नसतात!"

दिवाण ओरडले, "महाराज, हिला शब्द कळला असणार! हद्दपार करा!"

"मी तर भिंत बघत होते, पंत," गोजरा शांतपणे म्हणाली. "शब्द कुणाला कळला असंल, तर तो टाकणाऱ्याला. महाराज, कोणता होता?"

राजांनी कपाळ खाजवलं, छताकडं पाहिलं, बोटांकडं पाहिलं. "अं... काही केल्या आठवत नाही!"

"मग बरंच झालं की! हद्दपार व्हायची पाळी कुणावरच आली नाही. आपल्यावरसुद्धा!"

राजांना हसू आवरेना. मग एकदम दचकून ते जाणकाराला म्हणाले, "शब्द आत्ताच्या आत्ता बदल!"

"बदलायला आधी जुना शब्द लागतो, महाराज."

"मग उद्या मी काय करू?"

"त्यात काय महाराज," गोजरा म्हणाली, "उद्याचा चहा बाबा आत्ताच गार करायला ठेवतील!"

राजे पोट धरधरून हसले. पडद्याआडून राणीसाहेबही हसल्या. फक्त दरबाऱ्यांची तोंडं उतरली, कारण आता अख्खं काव्य ऐकावं लागणार होतं. राजांनी गोजराला सोन्याच्या पाटल्या दिल्या, बापलेकीला राहायला गडावर नवं घर दिलं आणि हैबतींना समोर बोलावून दरडावलं, "उद्यापासून कामावर या. आणि खबरदार, चहा गरम आणलात तर!"