नापास पात्यांचा सौदा

एकदा एका डोंगरी राज्याला लढाऊ विमानं विकत घ्यायची होती. राज्य लहान, पण सीमा लांब, आणि पलीकडचा शेजारी काही साधुसंत नव्हता. खरेदीचं काम राजानं एका तरुण मंत्र्यावर सोपवलं. मंत्री हुशार होता, पण त्याचं मन थाऱ्यावर नव्हतं. कारण त्याचा धाकटा भाऊ वैमानिक, आणि नशिबी जुनंपुराणं विमान. गेल्या हिवाळ्यात त्याचा एक सोबती उडाला तो परतलाच नाही. तेव्हापासून विमानाचा आवाज आला की आई हातातलं काम टाकून अंगणात येई. म्हणून हा सौदा काही झालं तरी फिसकटता कामा नये, एवढंच मंत्री मनाशी घोकत होता. सल्ल्याला त्यानं आपल्या वृद्ध गुरूंना शेजारी बसवून घेतलं होतं.

समुद्रापलीकडून आलेला सौदागर मोठा गोडबोल्या. विमानं देईन, आणि ती घडवण्याची विद्याही सोबत देईन, असं त्यानं सांगितलं. नोकरांनी आराखड्यांची पेटी आणून मेजावर उघडली. आत इंजिनाच्या अंगोपांगांची चित्रं. नखाएवढ्या खिळ्याचंही चित्र सुटलेलं नव्हतं. मंत्र्याचा चेहरा उजळला. त्यानं करारावर उमटवायला शिक्का उचललाच होता, तोच गुरूंनी पेटी मिटली आणि हळूच सौदागराकडे सरकवली.

“ही राहू द्या तुमच्यापाशी,” ते म्हणाले. “आम्हाला तुमची नापास पाती द्या.”

आता ही पाती म्हणजे काय, तर इंजिनाच्या पोटात जिथे आगीचा लोळ फिरतो, तिथे धातूची लहान लहान पाती बसवलेली असतात. त्यांतलं एक तडकलं तरी विमानाचा दगड होतो. ती घडवताना कितीतरी बिघडतात. ती बाजूला पडतात, भंगारात जातात. गुरू ते भंगार मागत होते.

सौदागर पोट धरून हसला. गाड्या भरून पाठवतो, वाहतुकीचा भारही माझ्यावर, म्हणाला. मंत्र्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गुरुजींचं वय झालं, असं त्याच्या मनात येऊन गेलं, आणि असं मनात आलं याचीही त्याला लाज वाटली.

गुरू शांतपणे पुढे बोलले. “आणि ती पाती ज्यांनी नापास केली, ती माणसंही द्या, का केली ते सांगायला. आमची माणसं त्यांच्या हाताखाली, पाती घडवायच्या तुमच्या भट्टीवर राबतील. शिकताना ती जे बिघडवतील, त्याचा जाब त्यांना विचारायचा नाही.”

सौदागराचं हसू मावळलं. सोबत्यांशी बोलून येतो म्हणत तो उठून गेला.

मंत्र्याचा धीर सुटला. “गुरुजी, तो गेला उठून. सौदा मोडला तर धाकट्याला उद्या पुन्हा त्याच खटाऱ्यात बसायचंय. आई काय म्हणेल मला?”

गुरूंनी विचारलं, मागल्या खरेदीतले आराखडे कुठे आहेत? मंत्री म्हणाला, खजिन्यात, कुलपात. खंडेनवमीला त्यांची पूजा होते. हळदकुंकू वाहतात, झेंडूची माळ घालतात. आणि त्यांवरून इथे किती पाती घडली, गुरूंनी विचारलं. टिकेल असं एकही घडलं नव्हतं. काही तडकलं की इंजिन खोक्यात घालून समुद्रापार धाडायचं, आणि तोवर विमानाच्या सावलीत शेळ्या रवंथ करत बसायच्या.

“बाळ,” गुरू म्हणाले, “माझ्या आईनं माझ्या बहिणीला भाकरी शिकवली, तेव्हा मी चुलीपाशीच होतो. पीठ किती, पाणी किती, हे आईनं एका दमात सांगितलं. तेवढ्यानं काही भाकरी आली नाही. मग तिनं परात बहिणीपुढे सरकवली, आणि आम्ही घरचे सगळे करपलेलं, चिरलेलं खात राहिलो. आई एकेक भाकरी हातात घेऊन सांगायची, ही चिरली, पाणी गार होतं. ही फुगली नाही, कडेला जाड राहिली. बरोबर काय, ते कागदावर मावतं. चुकतं कुठे, ते ज्याच्या हातून चुकलं त्यालाच ठाऊक, आणि ते तो शिकणाऱ्याला आपल्या चुलीपाशी बसवल्याशिवाय देऊ शकत नाही. पेटी आणि भंगार देताना सौदागर हसत होता. त्याचा जीव कशात आहे, ते आत्ता दिसलं.”

दिवस कलता कलता सौदागर परतला. म्हणाला, “माझी जाणती माणसं तुमच्यात गुंतली तर माझा कारखाना मंदावेल. सगळी विमानं हवीत तर पेटी घ्या. भट्टी हवी तर विमानं निम्मी मिळतील. उरलेली तुम्ही तुमच्या घरी बांधा.”

मंत्र्यानं गुरूंकडे पाहिलं. गुरू म्हणाले, शिक्का तुझ्या हातात आहे. आणि खिडकीबाहेर बघत बसले. निम्मी विमानं म्हणजे धाकट्याच्या वाट्याला नवं येईल न येईल. तरी मंत्र्यानं भट्टीच्या करारावर शिक्का उमटवला, आणि घरी न जाता तडक विमानतळावर गेला.

भावानं सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे दादा, राज्यानं तुला विमानं आणायला पाठवलं, आणि तू भंगार घेऊन आलास.”

“हो.”

“आणि नवं विमान तडकलं तर?”

“इथंच उघडायचं. आपलीच माणसं उघडतील.”

धाकटा रांगेत निजल्यासारख्या उभ्या विमानांकडे बघत म्हणाला, “तसं असेल तर पहिल्या खेपेला माझा मिस्त्री पाठव. पहिल्या फटक्यात काही धड करायचं नाही, असं व्रतच आहे त्याचं. त्यांची भट्टी पुरायची नाही त्याला.”

पंखाखालून मिस्त्रीचा आवाज आला, “आणि दुसऱ्या फटक्यात झालं नाही, असं एकदा तरी झालंय का साहेब?”

मंत्री विमानाच्या चाकाला टेकून खाली बसला. भावाला नवं विमान कधी मिळेल, हे त्याला अजूनही सांगता आलं नसतं. पण समुद्रापलीकडे थंडी फार असते, मिस्त्रीला गरम कपडे शिवून द्यायला हवेत, हा विचार त्याच्या मनात सुरू झाला होता.