धुराड्यातल्या तीन हाका

एका राज्यात थंडी अशी पडे, की नदी वर्षातले आठ महिने उभीच राही. त्या राज्याच्या राजवाड्यात हत्तीएवढी शेगडी होती, आणि तिच्यावर सात मजले चढत गेलेलं धुराडं. शेगडी पेटती तर राज्य जगतं, म्हणून धुराडं झाडणाऱ्या भिवराबाईचं आसन प्रधानाच्याही वर.

दर अमावास्येला शेगडी विझायची. भिवराबाई तिच्या तोंडातून आत शिरायची, काजळी खरवडत वर चढायची, टोकाशी पोचली की धुराड्यात वाकून हाक द्यायची, "धूर मोकळा!" ती ऐकून राज्यभर चुली पेटायच्या. मग बाहेरच्या शिडीने ती खाली यायची, कोळशासारखं तोंड घेऊन. इतर राज्यांत काळं तोंड म्हणजे बेअब्रू. इथे तोच मान. बायका ओटी भरायच्या त्या काळ्या तोंडाची.

हे धुराडं एका मांत्रिकाने बांधलेलं होतं आणि जाताना त्याने शाप ठेवला होता : खोटी हाक धुराडं गिळील, तिसरी गिळली, की घरातल्या सर्वांत लहान जिवाचा श्वास मागील.

शाप सगळ्यांना पाठ होता. भिवराबाईलाही.

तर एका पौषातल्या अमावास्येला शेगडी पुन्हा पेटली आणि धूर उलटा फिरला. दिसणारा धूर दारं उघडताच गेला. न दिसणारा राहिला. सात वर्षांची राजकन्या मृगा शेगडीपाशी खेळत होती, ती बाहुली हातात धरूनच आडवी झाली. तिला ओसरीवर मोकळ्या हवेत नेलं, तरी डोळे उघडेनात. श्वास दोऱ्याएवढा. वैद्य म्हणाले, सूर्य मावळेपर्यंत पुरेल.

शेगडी विझवून राजा शीतसेन समोर उभा राहिला.

"भिवराबाई, धुराडं आज झाडलंत?"

खरं सांगायची हीच ती घटका होती. भिवराबाई भलतंच बोलून बसली.

"झाडलं, महाराज. पाखरांनी घरटं केलं असेल. मेल्या पाकोळ्या कुठेही शिरतात."

"मग संध्याकाळपर्यंत राज्यात पाकोळीचं एकही घरटं राहता कामा नये."

भिवराबाई मागल्या अंगणात जाऊन लाकडांच्या ढिगाआड बसली. कानशिलं पेटली होती. इतक्यात ढिगावर एक पाकोळी उतरली.

"म्हातारे, तुझ्या धुराड्यात मी कधी अंडं घातलं गं?"

"गप बस, टवळे."

"तोंड मात्र झकास काळं केलंस. दिव्याची काजळी ना? तिळाच्या तेलाची? वास येतोय."

भिवराबाईने पदराने तोंड झाकलं. तीन अमावास्या ती आत शिरलीच नव्हती. बाहेरच्या शिडीनेच वर जायची, बोटभर काजळी गालांना फासायची आणि हाक द्यायची. ओटी भरून घ्यायची.

"पोर वाचेल का?" तिने पदराआडूनच विचारलं.

"तीन कामं कर. दोन पावसाळे सुकलेलं लाकूड काढ. बोराटीच्या काट्यांचा कुंचा बांध. आणि धुराड्यात तुझ्या तीन हाका दगड होऊन बसल्यात, त्या पाड."

"इतकंच?"

"पडताना त्या बोलतील. खाली दरबार उभा आहे."

"दरबाराला बाहेर काढता येईल की."

"काय सांगून काढशील? आणखी एक खोटं?"

भिवराबाई उठली. दोन लाकडं एकमेकांवर आपटून पाहत तिने अख्खा ढीग उपसला. ओलं लाकूड थप्प म्हणे, सुकं ठण्ण म्हणे. ठण्ण तळाशी सापडलं, वरचं सगळं थप्पच निघालं. तिनेच तर बोट दाखवून रचून घेतलं होतं ते. म्हणाली होती, जळायचंच आहे, ओलं काय न् सुकं काय! ओल्या लाकडाचा धूर रडका असतो. वर थंड भिंतीला लागला की चिकटतो, चीक होतो, चिकाचं डांबर होतं, आणि एक ठिणगी लागली तर धुराडं मशालीसारखं पेटतं. आईने हे दहाव्या वर्षी शिकवलं होतं. विसरली नव्हती ती. कंटाळली होती.

मग तिने काट्यांचा कुंचा बांधला, हात रक्ताळले, आणि सगळ्यांच्या देखत थंड शेगडीत शिरली. डांबर झडत होतं. दुसऱ्या मजल्यावर काळा, हिऱ्यासारखा चमकणारा दगड भिंतीला चिकटलेला. तिने कुंचा मारला. दगड सुटला आणि पडता पडता तिच्याच आवाजात ओरडला, "धूर मोकळा! गुडघा दुखतोय, आज राहू दे!"

खाली दरबारातले सगळे शेगडीजवळ सरकले.

चौथ्या मजल्यावर दुसरा. "धूर मोकळा! भाचीच्या पोराचं बारसं आहे, उशीर होईल!"

कुणीतरी हसलं. ते हसू धुराड्यातून वर आलं आणि तिच्या अंगाला काट्यांपेक्षा जास्त लागलं.

सहाव्या मजल्यावर तिसरा. यावर हात उठेना. गुडघ्याची कुणालाही दया आली असती, बारसंही लोकांनी समजून घेतलं असतं. पण ही तिसरी हाक आजचीच, आणि आज गुडघा दुखत नव्हता. बारसं नव्हतं. वरून आभाळाची एक चकती दिसत होती आणि तिच्यातलं ऊन पिवळं होत चाललं होतं.

भिवराबाईने डोळे मिटून कुंचा मारला.

"धूर मोकळा! दोनदा कुणाला कळलं नाही, आता काय कळणार!"

दगड शेगडीत फुटला. सातही मजले वारा सुटला, आणि ओसरीवर मृगा खोकली. बाहुली चाचपत म्हणाली, "कोण ओरडतंय?"

भिवराबाई टोकाशी पोचून बाहेरच्या शिडीने खाली आली. तोंड खरोखरीचं काळं होतं, त्यात डोळ्यांपासून हनुवटीपर्यंत दोन गोऱ्या रेघा. ओटीचं ताट कुणी पुढे केलं नाही.

"महाराज, पाखरांवर आळ घेतला तोही खोटाच. मला हाकलून द्या."

"हाकलून कसं द्यायचं? धुराडं झाडायला तुमच्यावाचून कुणाला येतं?" राजा म्हणाला. "घरट्यांना कुणी हात लावणार नाही. धुराडं तुम्हीच झाडायचं, आणि शिकवायचंही. हाक मात्र तुमची नाही."

"मग कुणाची?"

मृगा केव्हाच शेगडीत उताणी पडली होती, वर बघत. "आभाळ दिसतंय!" ती ओरडली. ती बाहेर आली, भिवराबाईने आणलेली सुकी लाकडं पेटली, आणि धूर सरळ वर गेला.

तेव्हापासून त्या राज्यात कुणी "धूर मोकळा" म्हणत नाही. आधी खालून वर बघतात. आभाळ दिसलं, तरच काडी लावतात.

भिवराबाईने तिसऱ्या दगडाचा एक तुकडा उंबऱ्यावर ठेवला होता. येणारा विचारायचा, "आजी, हिरा आहे का हो?"

"नाही रे. माझी हाक आहे," ती म्हणायची, आणि दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगायची. तिसरी हाक सांगताना दर वेळी तिची मान खाली जायची. पण गाळली तिने ती कधीच नाही.

शेगडी शांत झाली, राख निवली, आपली गोष्टही इथे निवली.