दुसऱ्या आकड्यावरचा फोटो

एका तालुक्याच्या गावात मनोहर लोणारी नावाचा एक फोटोग्राफर होता. हात चांगला, नजर त्याहून चांगली, आणि तोरा या दोहोंपेक्षा मोठा. त्याच्या कॅमेऱ्यावर एक चकती होती आणि तिच्यावर एक, दोन, तीन असे आकडे होते. एकावर त्याने उन्हातल्या वरातीचे सेटिंग साठवून ठेवले होते, दोनावर मांडवातले, तीनावर पंगतीचे. चकती फिरवली की उजेड, वेग, रंग सगळे आपोआप जमून यायचे. "नवशिके चाचणीचे फोटो काढतात, मी चकती फिरवतो," असे तो चारचौघांत सांगायचा.

त्याच गावातल्या अंबादास ओताऱ्यांच्या मुलीचे, कावेरीचे, लग्न निघाले. तिची आई मुक्ताबाई जिल्ह्याच्या दवाखान्यात खाटेला खिळलेली. अंतरपाट खाली येतो त्या क्षणी लेकीचा चेहरा कसा होता, तेवढे तिला पाहायचे होते. अंबादासभाऊंनी मनोहरला बाजूला घेतले. "बाकीचे फोटो हुकले तरी चालतील. हा एक हुकवू नका," ते म्हणाले. मध्ये कुणी येऊ नये म्हणून त्यांनी पाहुण्यांनाही हात जोडले आणि सगळ्यांचे मोबाईल खिशात ठेवायला लावले.

मनोहरने चकती दोनावर आणली आणि तो सज्ज झाला. पहिले मंगलाष्टक सुरू झाले अन् त्याच्या मनात पाल चुकचुकली. पाडव्याला त्याने घरी आई, बायको आणि स्वतःचा असा एकत्र फोटो काढला होता. रंग झकास आले म्हणून तेच सेटिंग दोनावर साठवले होते. त्या रंगांबरोबर आणखी काय साठवले गेले असेल? काही केल्या आठवेना. "शुभमंगल सावधान," भटजी म्हणाले आणि अक्षता पडल्या.

एक चाचणीचा फोटो काढला असता तर शंका तिथेच मिटली असती. पण वरपक्षाची मंडळी त्याच्याकडेच पाहत होती. आता कॅमेरा तपासत बसलो तर यांना काय वाटेल, या विचाराने त्याचा हात अडला. दुसरे मंगलाष्टक झाले, तिसरे झाले, करता करता पाचवेही झाले. दर वेळी भटजी सावधान म्हणायचे आणि दर वेळी तो मनाला बजावायचा, काही होत नाही.

अंतरपाट खाली आला. कावेरीने मान वर केली. मनोहरने बटण दाबले, पण फोटो निघालाच नाही. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा तेवढा लुकलुकू लागला. टिक्, टिक्, टिक्. तो सेल्फ-टायमर होता. पाडव्याला स्वतः फोटोत यायचे म्हणून त्याने तो लावला होता. रंगांबरोबर तोही साठवला गेला होता आणि आता इमानेइतबारे दहा सेकंद मोजत होता. काय बंद करावे ते मनोहरला सुचेना. हार घातले गेले, टाळ्या झाल्या, माणसे पुढे धावली. मग कुठे कॅमेऱ्याने फोटो काढला. त्यात एका मामांचा फेटा स्पष्ट आला होता, बाकी काही नाही.

कार्ड खराब निघाले, अशी थाप त्याच्या ओठांवर आली होती. पण अंबादासभाऊ समोर येऊन उभे राहिले तेव्हा ती त्याने गिळली आणि खरे ते सांगून टाकले. भाऊंनी फेट्याचा तो फोटो पाहिला. मग म्हणाले, "मुक्ताला तुम्हीच सांगा."

दुसऱ्या दिवशी मनोहर दवाखान्यात गेला. शंका आली होती, वेळही होता, पण लाज आड आली, हे त्याने मुक्ताबाईंना काही न लपवता सांगितले. त्या फेट्याच्या फोटोकडे पाहत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले आणि मनोहरला धरणी पोटात घेईल तर बरे असे झाले.

"भटजी किती वेळा सावधान म्हणाले?" त्यांनी विचारले.

"पाच वेळा."

"मग ते फक्त नवरानवरीलाच म्हणत होते, असं वाटलं होय तुम्हाला?"

मनोहरने ते मनावर घेतले. आता तो प्रत्येक लग्नात पहिल्या मंगलाष्टकाआधी सगळ्यांदेखत एक चाचणीचा फोटो काढतो. कुणी हसले तर हसू देतो.

तात्पर्य: साठवून ठेवलेल्या शहाणपणात आपली एखादी चूकही साठलेली असते; म्हणून मनात शंका आली की लाज बाजूला ठेवून आधी तपासून पाहावे.