उशिरा बदललेले वायरिंग

एका तालुक्याच्या गावी भिवामेस्त्री नावाचे वृद्ध वायरमन राहत होते. घरोघरचे जुने वायरिंग बदलण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. प्रल्हाद नावाचा तिशीतला गृहस्थ त्यांच्याकडे काम शिकत असे. तो कष्टाळू होता आणि मनाने फार हळवा.

एके दिवशी दोघांना कापडाचे व्यापारी केशवशेट नार्वेकर यांच्याकडे बोलावणे आले. पंधरवड्यापूर्वी त्यांच्या पत्नी वत्सलाबाई फ्रीज उघडताना विजेचा धक्का बसून गेल्या होत्या. घर फार जुने. लाकडी पट्ट्यांतून गेलेल्या तारांचे आवरण हाताला चुरा होऊन येत होते. सॉकेट सगळे जुन्या पद्धतीचे, दोनच भोकांचे; अर्थिंग तर घरात कुठेच नव्हते.

मेस्त्री शिडीवर चढून तारा ओढू लागले. केशवशेट जवळ येऊन उभे राहिले.

"मेस्त्री, ती सांगायची हो मला. फ्रीजला हात लावला की मुंग्या येतात म्हणायची. मी तिला रबरी चपला आणून दिल्या. म्हटलं, या घालून उघडत जा. आता भिंती कुठे फोडायच्या, घरभर धूळ होईल." ते थांबले. मग त्यांनी हळूच विचारले, "तेव्हाच हे बदललं असतं, तर ती वाचली असती का?"

प्रल्हादने आशेने गुरूंकडे पाहिले. मेस्त्री शिडीवरून उतरले, शेटांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "हो शेट. वाचल्या असत्या."

शेट मटकन खाली बसले आणि लहान मुलासारखे हुंदके देऊन रडू लागले. मेस्त्रींनी त्यांना पाणी दिले. ते जरा शांत होऊन आत गेले, तसे प्रल्हादने मेस्त्रींना अंगणात गाठले.

"काका, असं कसं बोललात? आयुष्य तेवढंच होतं म्हणाला असतात, तर काय बिघडलं असतं? त्या माणसाकडे बघवत नव्हतं!"

मेस्त्री पायरीवर टेकले. म्हणाले, "प्रल्हादा, या घरात आलेला प्रत्येक जण त्यांना तेच सांगून गेला. कोणी दैव म्हणालं, कोणी वेळ म्हणालं आणि आपापल्या घरी जेवायला गेलं. खरं काय ते शेटांना पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. मीही नाही म्हटलं असतं, तर त्यांनी माझ्यापुढेही मान डोलावली असती आणि पुन्हा एकटेच त्या विचारापाशी जाऊन बसले असते. आता निदान ते ठाऊक असलेला दुसरा एक माणूस आहे. याने त्यांचं दुःख तसूभरही कमी होणार नाही. ते कमी करणं माझ्या हातात नाही, कुणाच्याच नाही."

प्रल्हाद आत जाऊन जुन्या तारा गुंडाळू लागला. त्याला पटले नव्हते.

काम पुढे कित्येक दिवस चालले. शेट रोज शिडीपाशी खुर्ची घेऊन बसत आणि वत्सलाबाईंविषयी बोलत. मेस्त्री तारा ओढता ओढता ऐकत. कधी शेट मध्येच रडू लागत. मग मेस्त्री हातातले काम थांबवीत.

अखेर सर्व खोल्यांत नव्या तारा गेल्या, तीन भोकांचे सॉकेट बसले, परसात खड्डा घेऊन अर्थिंग झाले. मेस्त्रींनी मेन स्विच वर केला. घर उजळले.

"आता काही भीती नाही, शेट," ते म्हणाले.

शेटांनी एकेका खोलीकडे पाहिले. सगळ्या रिकाम्या होत्या.

"पण मेस्त्री, आता हे कुणासाठी?"

मेस्त्रींनी हातातली पक्कड खाली ठेवली. ते शेटांजवळ जमिनीवर बसले. सांत्वनाचे एक वाक्य प्रल्हादच्या अगदी जिभेवर आले होते. त्याने ते गिळले आणि तोही त्यांच्याशेजारी जाऊन बसला.