गाडी शांतच सुरू होते

एकदा एका फरशीच्या व्यापाऱ्याने मोठ्या हौसेने वेगवान गाडी घेतली, आणि आठवडा उलटायच्या आत त्या गाडीवरच तो रुसला. माणूस कर्तबगार, पण राग म्हणाल तर कायम नाकाच्या शेंड्यावर. दारात त्याची चप्पल वाजली की मुले पुस्तकात तोंड घालीत आणि बायको चाललेले बोलणे अर्धवट टाकून स्वयंपाकघरात जाई.

गाडीवरच्या रागाचे कारण ऐका. तिला एक बटण होते. नॉर्मलवर ठेवली की गाडी सभ्यपणे चाले. स्पोर्टवर टाकली की इंजिन खवळे, स्टिअरिंग जड होई, सायलेन्सर गुरगुरू लागे. व्यापाऱ्याला हेच हवे होते. मात्र इंजिन बंद करून पुन्हा सुरू केले, की गाडी आपली नॉर्मलवर! शोरूममध्ये जाऊन त्याने आकाशपाताळ एक केले. गाडी माझी, मग मी लावलेले ती विसरते कशी? तिथल्या लोकांनी हात जोडून सांगितले, की साहेब, ती बनवलीच तशी आहे. स्पोर्ट हवे तर चालवणाऱ्याने दर वेळी स्वतः निवडायचे. तो तणतणत बाहेर पडला.

असे काही महिने गेले, आणि त्याच्या रागाला सबळ निमित्त मिळाले. आई धाकट्या भावाकडे राहत असे. ती न्हाणीघरात पडली, खुब्याचे हाड मोडले, ऑपरेशन होऊन घरीही आली. आणि थोरल्याला हे कळले ते दुकानात आलेल्या एका गिऱ्हाइकाकडून. पोटच्या मुलाला परक्याने सांगावे? त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोनवर त्याने भावाला नाही नाही ते ऐकवले. भाऊ एवढेच म्हणाला, "चुकलं, दादा." आता आईला आजच्या आज उचलून आपल्या घरी आणायचे आणि भावाचे तोंड पुन्हा पाहायचे नाही, असे त्याने ठरवले. साक्षीला कोणी वडीलधारे हवे, म्हणून दोघा भावांना शाळेत शिकवलेल्या वृद्ध गुरुजींना त्याने सोबत घेतले.

गाडी अर्थातच स्पोर्टवर होती. प्रत्येक गतिरोधकावर गुरुजींचे डोके छताला टेकत होते. व्यापारी भावाच्या सात पिढ्यांचा उद्धार करीत होता. त्या पिढ्या आपल्याही आहेत, याचे भान त्याला उरले नव्हते. गुरुजींनी सहज बटणाविषयी विचारले, तेव्हा त्याने गाडीचे गाऱ्हाणेही सांगून टाकले.

तेवढ्यात फोन आला. पलीकडे एक बडा बांधकामवाला. चांगला माल विनाकारण नाकारून वर अद्वातद्वा बोलत होता, आणि गाडीच्या स्पीकरवर ते सगळे गुरुजींना ऐकू येत होते. व्यापाऱ्याचा आवाज मात्र साजूक तुपासारखा झाला. चूक आमचीच, साहेब, उद्याच बदलून देतो, मनाला लावून घेऊ नका. फोन संपला, आणि पुढच्याच श्वासाला भावाचा उद्धार जिथे थांबला होता तिथून सुरू झाला.

भावाच्या घराअलीकडच्या वळणावर गुरुजींनी गाडी कडेला घ्यायला लावली. ती थांबताच त्यांनी हात लांब करून इंजिन बंद केले आणि म्हणाले, "सुरू कर." व्यापाऱ्याने सुरू केले. त्याचा हात स्पोर्टकडे वळतो न वळतो, तोच गुरुजींनी पुन्हा इंजिन बंद केले. "सुरू कर." पुन्हा तोच प्रकार. शेवटी ज्यांच्यापुढे त्याने कधी मान वर केली नव्हती, त्या गुरुजींवर तो ओरडला, "काय पोरखेळ लावलाय? तिकडे माझी आई पडलीय!"

गुरुजीही संतापले होते. आवाज मात्र त्यांनी चढू दिला नाही.

"त्या बांधकामवाल्यानं तुझा अपमान केला, तेव्हा तुझा राग कुठे होता? म्हणजे तुला तो आवरता येतो. 'माझा स्वभावच असा' हे तू आजवर आम्हाला खोटंच सांगत आलास. ही गाडी कितीही खवळून धावली, तरी एकदा थांबली की शांत सुरू होते. पुन्हा खवळायचं, तर कुणीतरी ते निवडावं लागतं. तू मात्र रात्री निजतोस आणि सकाळी कालच्याच रागावर उठतोस. वर गाडीनंही तसंच वागावं म्हणून लोकांशी भांडतोस."

व्यापारी काही बोलणार, तोच त्यांनी हाताने थांबवले.

"आईला ऑपरेशनला नेलं, त्या दिवशी मी दवाखान्यात होतो. तुझा भाऊ तुलाच फोन लावत होता. आईनं त्याचा हात धरला. म्हणाली, 'थोरल्याला आत्ता कळवू नकोस. तो येऊन डॉक्टरांवर ओरडेल, तुझ्यावर ओरडेल. मला फार दुखतंय रे, मला शांत पडू दे.' तुझ्या शिव्या खाऊनही त्यानं आईचं नाव पुढे केलं नाही."

व्यापाऱ्याला राग आला. आधी गुरुजींचा आला, मग आईचा आला, आणि मग तो कुणावर काढावा हेच त्याला कळेना. मग त्याने गाडी सुरू केली. सवयीने हात बटणाकडे गेला, तिथे क्षणभर अडखळला आणि स्टिअरिंगवर परत आला.

दार भावाने उघडले आणि तो चरकून मागे सरला. व्यापारी त्याच्या खांद्यावर हात ठेवून आत गेला. आई खाटेवर पडून होती. त्याला पाहून ती गडबडली, उठू लागली. त्याने तिला हलू दिले नाही. तो तिच्या पायाशी बसला.

"चालत आलास का रे?" तिने विचारले. "नाही म्हणजे, तू कोपऱ्यावर आलास की गाडी ऐकू येते. मग मी जरा सावरून बसते."

त्या दिवशी आईला उचलून नेण्याचा विषय निघाला नाही. आपले बटण कुठे अडकले आहे हे आपल्याला दिसत नाही. ते घरच्यांना मात्र कोपऱ्यावरूनच ऐकू येत असते.